मानेत सासू, गळ्यात निरंजन

...न्हाई, न्हाई, बायकोचं दुखनं गेलं ह्याचं मला वाईट वाटतंय असं कोन म्हनलं? नाव सांगा त्याचं! अवं, वर्सानुवर्सं मान धरलेली तिची, तेल चोळून चोळून माजा अंगठा वाकडा झाला, पौडच्या डाक्टरनं गळ्याला पट्टा दिला, तो पट्टा घालून ही चुलीपुढं बसली की नाकासमोर भिंतीकडं बघत भाकरी थापायची, भाकरी गोल हाय का चौकोनी तिला दिसायचं न्हाई आन मला बोलता यायचं न्हाई... ती मान आता अशी गरागरा फिरती! मी मागल्या दारानं गपचूप आलो तरी वळून बघती! आनंदच हाय की. पन तुमाला सांगतो, आनंदाला बी काय हद्द असती का न्हाई? बायकोच्या मानेतनं एक मानूस निघालं, कमरेतनं दुसरं निघालं, गळ्यातनं तर... जाऊ द्या, गळ्याचं मागनं सांगतो, गळ्याचं आठवलं की मला पानी प्यावं लागतं. निम्मं गनगोत निघालं तिच्या अंगातनं! मंग मी कुटं हाय? अक्षता पडल्यात, पाच परतवनं झाल्यात, देवाबामनासमोर झालेला नवरा मी... मंग मी कुटं हाय?

आता ह्याचं मूळ कुटं, तर आमच्या गोठ्यात. तुमी नेऱ्याला आलाव म्हंजी मारुंजीकडनं येताना डाव्या हाताला पत्र्याचा लांबडा गोठा दिसंल, तो आमचा. म्हशी इकल्या तवापासनं रिकामा पडला हुता. एक दिवस एक बाई आली, केस बारीक कापलेलं, कुडता खादीचा, पायात कायतरी टायरच्या वानाचं. ऋतिका म्याडम. गोठ्याच्या मधोमध डोळे मिटून उभी राहिली आन म्हनती कशी, "काका, इथली व्हायब्रेशन्स किती सुंदर आहेत!" म्हनलं, ती शेजारच्या बोरची मोटार हाय, लाइट गेली की बंद हुती. पन बाईनं घेतला बगा भाड्यानं. खाली लाकडाची जमीन केली, भिंतीला पांढरा रंग, गव्हानीत तुळशी लावल्या, आन दाराव पाटी, 'ट्रॉमा हीलिंग'.

आता मला ट्रॉमा म्हंजी काय ठाव? हायवेला असतंय ते ट्रॉमा सेंटर, अपघात झाला की नेत्यात तितं. म्हनलं चला, आपल्या गोठ्यात दवाखाना झाला, पुण्याचं काम हाय. शनवारी सकाळी मी फाटक उघडून उभा, आंबुलन्सला वळायला जागा पायजे म्हनून शेनाचा ढीग बी हलवला! तर आल्या सगळ्या मोटारी, हिंजवडीच्या, आन त्यातनं उतरली सगळी धडधाकट मानसं, बगलेत चटया. एकाला प्लास्टर न्हाई, एकाला साधी पट्टी न्हाई! म्याडमना म्हनलं, पेशंट कुटं हायेत? तर म्हनती, "काका, हेच. ह्यांचा अपघात आत झालाय." म्हनलं, म्हंजी मुका मार? तर बाई उडालीच! "मुका मार! काका, काय शब्द दिलात तुम्ही! एक्झॅक्टली मुका मार!"

तेवढं मातर मला कळलं बगा. कुनी कवातरी जिव्हारी लागंल असं बोललेलं असतं, कुनी छळलेलं, कुनी मधीच सोडून गेलेलं... डोकं इसरून जातं पन अंग धरून ठिवतं. मान धरती, पाठ धरती, ती त्याचमुळं. मंग हितं येऊन श्वास घ्यायचा, अंग हलवायचं, जितं धरलंय तितं हात ठिवायचा, थरथर आली तर येऊ द्यायची, रडू आलं तर दाबायचं न्हाई. ज्या गोठ्यात माज्या म्हशी रवंथ करायच्या तितं इंजिनेर लोक रडाय लागले. बरं रडून झाल्यावर चेहरे असे धुतल्यावानी! मी म्हनायचो, असू द्या बापड्यांचं. जंवर दुसऱ्याचं हुतं तंवर मला त्यात काय बी वावगं वाटलं न्हाई.

आमची ही चहा घिऊन गेली एक दिवस. जया. पट्टा गळ्यात, ट्रे हातात. म्याडम म्हनल्या, "काकू, तुम्ही बसा की पाच मिनिटं." बसली. म्याडमनं पट्टा काढला, मानेला हात लावला आन ईचारलं, "काकू, ह्या मानेत कोण आहे?" आता ह्यो काय प्रश्न झाला? मानेत कोन असनार, हाडं असत्यात! तर हिनं डोळे मिटले, आन एकदम बांध फुटल्यावानी, "सासू!"

सासू! म्हंजी माजी आई! अवं, म्हातारीला जाऊन किती वर्सं झाली, मी दर वर्साला श्राद्ध घालतोय, कावळा पहिल्या हाकेला शिवतोय, आमी समजून बसलो की मोक्ष मिळाला... आन ती हिच्या मानगुटीवर! मोलकरनीवानी खाली मान घालून रहा, वर बगू नको, असं म्हनायची म्हने हिला रोज. जितीजागती हुती तंवर म्हातारीची एकच तक्रार, "सुनेनं मला मान दिला न्हाई, सुनेनं मान दिला न्हाई." घ्या! अख्खी मान घिऊन बसली हुती!

हसता काय? मी बी हसलो तवा. म्हनलं झालं, आई निघाली, मान सुटली, आता हिचं जानं बंद. कशाचं बंद! दर शनवारी चटई बगलेत मारून ही तयार. फुडच्या शनवारी आली ती अशी ताठ. म्हनलं, आज काय? म्हनली, "कंबर मोकळी झाली." म्हनलं, कोन निघालं? म्हनली, "तुमची थोरली भैन." ओली बाळंतीन हुती म्हने ही, आन आक्कानं भातलावनीला चिखलात उभी केली हुती, ते कमरेनं धरून ठिवलं. म्हनलं बरं झालं, निघाली. पन मनात आलं... आईला मान, भैनीला कंबर. घरच्यांची वाटनी चाललीया. आता फुडचा नंबर आपला. असंल खांदा, असंल पाठ, मोठी जागा असनार, नवरा हाय मी. आन तुमाला खरं सांगतो, मी वाट बघाय लागलो! शनवार आला की फाटकापाशी उभा. म्हनायचो, आज आपन निघनार.

आन मंग तो शनवार.

मी गोठ्यामागं गवत काढत हुतो. आतनं गानं ऐकू आलं. गवळन हुती. आवाज असा... काय सांगू, ईळा हातातच राहिला माज्या. म्हनलं कुनीतरी मोबाइल लावलाय. पन मोबाइल मधीच हुंदका देत न्हाई! खिडकीतनं बघतो तर ही. आमची जया. डोळे मिटलेले, हात गळ्यावर, आन आवाज पत्र्याला जाऊन लागतोय. लग्न झालं, पोरं झाली, पोरांची लग्नं झाली, आन माजी बायको गाती हे मला कळलं कुटनं तर गोठ्याच्या खिडकीतनं!

सांजच्याला ताटावर बसलो. म्हनलं, गळ्यात कोन हुतं? भाकरी उलटली तिनं तव्यावर. म्हनली, "निरंजन."

निरंजन! निरंजन कोन? तर पौडचा. माज्या आधी हिचं तितं जमलं हुतं. बघायला आले तवा हिनं गवळन म्हनली, त्यो म्हनला, "आवाज लई गोड हाय." सुपारी फुटली, मांडवाच्या मेढी रवल्या, आन निरोप आला की पोरगा न्हाई म्हनतोय. कारन न्हाई, काय न्हाई. भावकी म्हनली, "गाती म्हनून मोडलं, पोरीच्या जातीला गानं कशाला?" तवापासनं हिनं गळा मिटला. मला ठावं हुतं का? कुनी सांगितलं का? आता वाईट वाटलं मला, वाटलंच. पन वाईट वाटता वाटता दुसरं बी कायतरी वाटाय लागलं, इंगळी डसल्यावानी... म्हनलं, ज्यानं मांडवातनं पाठ फिरवली तो गळ्यात! गळ्यात, जितं मी मंगळसूत्र बांधलं, तितं आत तो! मी वर, तो आत! आन नाव तरी बगा, निरंजन! त्याच्याम्होरं माजं कुशाबा म्हंजी गिरनीच्या भोंग्यावानी वाटतं. मंग मी कुटं हाय? आं? ज्यानं सोडली त्याला गळा आन ज्यानं सांभाळली तो... कुटं हाय?

पौडला गेलो. तहसील हापिसाच्या गल्लीत झेरॉक्सचं दुकान हाय त्याचं. नुसतं बगायचं म्हनून गेलो, पन दुकानात नुसतं बगता येतंय का? आधार कार्डाची झेरॉक्स काढली. एवढं मोठं प्वाट, टक्कल, सारखा खाकरतोय. म्हनतो मला, "पुढची-मागची दोन्ही का?" म्हनलं व्हय. मनात म्हनलं, भल्या मानसा, एवढा मोठा देह, माज्या बायकोच्या गळ्यात मावलास कसा रं तू? आन तुला त्याचा पत्ता बी न्हाई! मी वाट बघून मेलो त्या जागेसाटी, आन ह्याला तिची किंमत न्हाई.

येताना रस्त्याच्या मोरीवर बहिरू बसलेला. आमचा शेजारी. गुडघ्यात मान घालून रडतोय. त्याची बायको आशालता वैनी बी जाती शनवारची गोठ्यात. म्हनलं, काय झालं रं? तर म्हनतो, "कुशाबा, माजं नाव निघालं." म्हनलं, कुटं? म्हनला, "छातीत." ...आनि? "दोन्ही गुडघ्यात." ...आनि? "डोकं उठतंय ते बी माज्यामुळं म्हनली. मी वरडतो ना ताटावर. पत्ते हरलो की लईच वरडतो." अन ढसाढसा रडाय लागला. आता समजूत घालायची का न्हाई अशा वक्ताला? पन माज्या तोंडातनं काय निघालं सांगू? "नशीबवान हायेस लेका! बहिऱ्या, अरं बायकोच्या अंगावर सातबारा निघाला तुजा, आन हितं मला एक गुंठा न्हाई!" तो रडायचा थांबून माज्याकडं बगाय लागला. त्या दिसापासनं त्यानं पत्ते सोडले, भांडी घासतो, वैनी त्याच्याकडं बगून गालात हसती. बगा! वरडला त्याला बी मिळालं, सुदरला त्याला बी मिळालं. आमी धड वरडलो न्हाई, आता सुदरायचं तरी काय?

मंग मी ठरीवलं. म्हनलं, आपन बी थोडं लागंल असं बोलू. लई न्हाई, निदान करंगळीत तरी जाऊन बसावं. रातच्या जेवनाला सुरुवात केली. म्हनलं, "भाजीत मीठ न्हाई!" म्हनली, "डबा म्होरं हाय, घ्या." आवाज चढीवला. "तुला सैपाकच येत न्हाई!" म्हनली, "म्हनून तिसरी भाकरी खाताय व्हय?" आता मला चेवच आला. म्हनलं, "तुज्या माहेरची मानसं..." तिनं उलथनं खाली ठिवलं. म्हनली, "माहेरची मानसं काय?" मान सुटल्यापासनं ती अशी सरळ डोळ्यात बगती हो! म्हनलं, "...बरी हायेत ना?" म्हनली, "बरी हायेत." म्हनलं, "लागलं का?" "काय?" "मी बोल्लो ते." "कुटं?" म्हनलं, तेच तर ईचारतोय माजे बाय, कुटं?

मंग उलटं करून बगितलं. पौडवरनं ओली भेळ आनली, जिलबी आनली, गजरा आनला. भेळ नातवानं खाल्ली, जिलबी शेजारी दिली, गजरा देवाला घातला. म्हनली, "आज काय इसरलाय का काय तुमी?"

शेवटी गेलो. हसू नका, गेलो गोठ्यात, चटईवर बसाय. जोडप्यांचा दिवस हुता. भवताली हिंजवडीची पोरं, त्यातला ओम म्हनून एक चष्म्यावाला, बायको शेजारी, दोघं एकमेकांकडं न बगता बसलेली. बहिरू, आशालता वैनी. माज्याच गोठ्यात मला मांडी घालायला जागा मिळंना. म्याडम आल्या माज्याम्होरं. "काका, डोळे मिटा. श्वास घ्या. आत्ता शरीरात काय जाणवतंय?"

आता खोटं बोलायचं न्हाई असा तितला नेम. आन मी साधा मानूस. जे हुतं ते सांगितलं.

"पोटात दुखतंय."

आशालता वैनीनं पदर तोंडाला लावला. बहिरू खोकाय लागला. पन म्याडमचं शिक्षान सगळं इंग्रजीत, त्यांना आमच्या पोटातलं काय कळनार? त्या आपल्या गंभीर. "किती दिवसांपासून?" म्हनलं, ही हितं याय लागल्यापासनं. "कोणाला पाहिलं की वाढतं?" म्हनलं, पौडला झेरॉक्स काढली की वाढतं. "व्हेरी गुड काका! तुम्ही फार प्रामाणिक आहात. हे दाबू नका. हात पोटावर ठेवा आणि मोठ्यानं म्हणा, माझ्या पोटात दुखतंय." अवं म्याडम... "म्हणा काका. सोडा ते बाहेर." म्हनलो हळूच. "आणखी मोठ्यानं! पोटातून!" मंग मी बी पेटलो, म्हनलं जाऊ दे तिच्यायला, आन वरडलो, "माज्या पोटात दुखतंय! लई दुखतंय!" पत्रा हादरला! सगळा गोठा हसून आडवा, त्यो ओम चष्मा काढून डोळे पुसतोय, त्याची बायको त्याच्या खांद्यावर पडून हसतीया, जोडपं जुळलं बगा त्यांचं माज्या पोटदुखीवर! एकट्या म्याडम टाळ्या वाजवत म्हनत्यात, "ब्युटिफुल रिलीज!" आन आमची ही? ही हसंना. माज्याकडं टक लावून बगाय लागली. तिला आत्ता कळलं की म्हातारा दर शनवारी फाटकापाशी का उभा ऱ्हायचा.

म्याडम तिला म्हनल्या, "काकू, आता तुम्ही. डोळे मिटा. तुमच्या शरीरात काका कुठे आहेत?"

आला की हो प्रश्न! तिनं हात उचलला. मानेवर गेला... थांबला न्हाई. गळ्यावर गेला, मी डोळेच मिटले. उघडून बगतो तर हात खांद्यावरनं खाली, कमरंवर, गुडघ्यावर, अंगभर फिरला, हरवलेली किल्ली हुडकावी तसा. मी आतल्या आत म्हनतोय, बग, नीट बग, तितंच कुटंतरी आसंन मी, पाठीकडं बग, नखात बग! किती येळ हुडकलं तिनं. मंग डोळे उघडले आन म्हनली, "म्याडम, ह्यांचं मला कुटंच दुखत न्हाई."

पोरीबाळींनी "ओऽऽह" केलं. म्याडमच्या डोळ्यांत पानी. "काका, यू आर लकी. तुम्ही त्यांच्या शरीराला कधी घाबरवलं नाही. किती थोड्या बायकांना हे म्हणता येतं!" ओमच्या बायकोनं माज्याकडं बगितलं आन मंग त्याच्याकडं बगितलं, त्यो लगेच ताठ बसला. बहिरू खाली मान घालून बसला. बक्षीसच मिळालं म्हना की मला. पन माजं समाधान झालं का? तुमीच सांगा, झालं असतं का? कुटंच न्हाई म्हंजी काय? दुखत न्हाई ते ठीक हाय, पन मंग हाय कुटं? झेरॉक्सवाल्याला गळा मिळतो आन मला शाबासकी!

दुसऱ्या दिवशी दोघं गाडीवर निघालो पौडला, भात भरडायला टाकला हुता तो आनायला. ती मागं. रस्त्याला डंपरची रांग, धुरळा, खड्डं. आन मागनं गानं सुरू झालं. तीच गवळन. माज्या कानापाशी. पोटात पुन्हा कळ आली, ही त्यालाच ऐकवलेली का? पन ईचारलं न्हाई, कारन आज ऐकत मी हुतो. तेवढ्यात खड्डा आला, तिनं माजा खांदा गच्च धरला, आन मला ऱ्हावलं न्हाई. वरडलो, "अगं, खरं सांग एकदा! मी कुटं हाय?"

डंपर गेला धडधडत. म्हनली, "काय?"

"मी! तुज्यात! कुटं हाय?"

गानं थांबलं. म्हनली, "अवं, म्होरं बगून चालवा की! ह्या वयात बायकोच्या अंगात सोताला हुडकताय, झेरॉक्सच्या दुकानात जाऊन बघून येताय... तुमी कुटं असनार? तुमी हाताबाहेर गेलाय!"

हाताबाहेर! घ्या! आईला मान, भैनीला कंबर, निरंजनला गळा, आन नवरा... हाताबाहेर! मी गाडी चालवत ऱ्हायलो. खड्डा संपला, रस्ता सरळ लागला. आन बगतो तर खांद्यावरचा हात तितंच. काढलाच न्हाई की तिनं. गानं बी पुन्हा सुरू.

म्हनलं, असू दे. बाहेर तर बाहेर... हातापासनं लई लांब न्हाई.